हिरवा बाण

३ जून, सोमवार
बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी! पंधरा वर्षं दवाखाना चालवून आज पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर वर्गात रुजू झाले. बरोबरच्या मुलांनी तासाभरात माझी ‘मावशी’ करून टाकली. एकाने तर सरांची पत्नी समजून खुर्ची दिली. आमचे हे म्हणाले, आता डबा मी भरतो, तू अभ्यास कर. इथल्या मायक्रोस्कोपमधून दोघांनी समोरासमोर बसून पाहायचं. स्लाइडवर नेमकं काय बघायचं, ते सर पलीकडून हिरव्या उजेडाच्या बाणाने दाखवतात.

११ जून
सर उठून गेल्यावरही बाण हलत होता. बटण सैल असावं. तो थांबला तिथे पाहिलं, तर कर्करोगाच्या पेशी! माझ्या नजरेतून सुटल्याच होत्या. सरांनी शाबासकी दिली. श्रेय माझं नाही, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

२० जून
आतापर्यंत पाच वेळा. बाण दरवेळी बरोबर. की मीच नीट पाहत नाही? उद्यापासून तो हलायच्या आधी प्रत्येक स्लाइडचा फोटो काढणार.

२१ जून
दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तीच स्लाइड, तीच जागा. आधी निरोगी. बाण टेकल्यावर कर्करोग.
तो रोग दाखवत नाही. आणतो.

२२ जून
फोटो पाहून सर म्हणाले, स्लाइडची अदलाबदल झाली असेल. झोप होते ना नीट? तंत्रज्ञ बाईंनी हसत बाणाची तारच कापून दिली. म्हणाल्या, मावशी, आता तरी दोन घास खा.
बाण तरीही—
ज्यांच्या स्लाइडवर तो टेकला, त्या सहा जणींना काय सांगू?

२७ जून, सकाळी ११
धाकट्या बहिणीच्या स्तनात गाठ. ती वर ऑपरेशनच्या टेबलावर, भूल दिलेली. गाठीचा तुकडा गोठवून केलेली स्लाइड माझ्यासमोर. मी काय सांगते, त्यावर स्तन राहणार की जाणार. आपल्या माणसाची स्लाइड आपण पाहू नये. पण दुसरं कुणी नाही, सर फोन उचलत नाहीत. सकाळी म्हणाली, तू आहेस ना खाली, मग मला कसली भीती.

११.१०
स्वच्छ आहे. गाठ साधी आहे. वर कळवायला फोनकडे वळले तर बाण— कडेला. सरकतोय.

११.१२
दिवा बंद केला. बाण आहेच. स्लाइड काढून टेबलावर ठेवली, मागोमाग तोही—
फोन वाजतोय. भिंतीवर, दूर. एका हाताने स्लाइड झाकलीय, दुसऱ्याने लिहितेय. कुणीही वाचा: ११.१० ला स्वच्छ होती. काढू नका तिचं—
माझ्या बोटांवर चढलाय. चढू दे. इकडे ये. मनगट— कोप