वार्षिक शेरे

३ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. कुलुपांचा कारखाना, वरच्या मजल्यावर काचेची केबिन आणि फिरती खुर्ची. खुर्चीत बसायला मीही येणार म्हणून मुलगी घरी हटून बसली आहे. फोन घेणाऱ्या ताईंनी हसून चहा आणून दिला. किल्ल्या घासणाऱ्या कानसकाकांनी मात्र मानही वर केली नाही. असतात एकेक नमुने.

१० मार्च
हाताखालच्या पाच जणांच्या वर्षभराच्या कामावर शेरे लिहायचे आहेत. पगारवाढ त्यावरच ठरते. ओळख जेमतेम आठवड्याची, पण मला माणूस बघताक्षणी कळतो. ताईंना लिहिलं, ‘सदा हसतमुख’. कानसकाकांना ‘संथ’. त्यांचं काम मी अजून पाहिलेलं नाही. दोन्हींवर सह्या ठोकल्या आणि वेळेत घरी आलो.

१२ मार्च
ताईंचे वडील गेले. रजा मागायला आल्या त्या हसतच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते. म्हणाल्या, तोंड मिटतच नाही हो, साहेब. स्मशानातही मिटणार नाही बहुतेक.

१३ मार्च
कानसकाका सकाळी जिना चढू लागले, ते जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या पायरीवर होते. पापणी लवायलाही वेळ लागत होता. मोठ्या साहेबांना म्हणालो, शेरे बदला. ते म्हणाले, सही झाली की झाली, आता पुढच्या वर्षी. आणि एवढं मनाला लावून घेऊ नका. उरलेल्या तिघांचे कागद कोरेच ठेवले आहेत. लिहायला हात धजत नाही.

१७ मार्च
माझा शेरा आला. साहेबांनी समोर बसवून वाचून दाखवला: आता मनाला काही लावून घेत नाही. कामं अर्धवट टाकतो. सही केलेली होती. हात जोडायला गेलो, एकच वर आला. जिन्यात काका होते. बाजूने उतरलो.

१८ मार्च
एका गालाची दाढी. एका पायात बूट. बायको रडली. का, ते कळलं. वाटलं काही नाही. मुलगी खूश—गुळगुळीत गालाचा पापा घेतला—

१९ मार्च
बायकोला ताप. मुलीला शाळेत मी नेलं. हात धरून मोठा रस्ता ओलांडला—अर्धा—
घरी आलो. शाळेतून फोन, पोर पोचली नाही. बायको दंडाला धरून विचारते आहे, मुलगी कुठे. मला ठाऊक आहे. सांगतोच आहे—ती रस्त्याच्या मधोमध