कांद्याला सात मिनिटं

प्रिय धाकटे,

तुझं पत्र आणि तिकीट एकाच पाकिटातून आलं. तिकिटाला टाचणी लावायची अक्कल कुणाची? पाकीट उघडताना सरळ बोटात घुसली. असो. आठवा महिना लागला म्हणतेस, पाय सुजतात म्हणतेस, आणि तरी स्टुलावर चढून पडदे लावतेस! तुझ्या नवऱ्याला सांग, पडद्यांवाचून कुणाचं बाळंतपण अडलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मी येते, असं फोनवर म्हणाले होते. मी बाळ वर्षाचं होईपर्यंत राहायचं, तुला गरम गरम करून घालायचं, बाळाचा पहिला घासही मीच शिजवायचा, हे सगळं तू परस्पर ठरवत गेलीस आणि मी हो हो करत गेले. आता मी खरंच यावं की नाही, ते हे पत्र शेवटपर्यंत वाचून तू ठरव. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडते आणि मुद्दा राहूनच जातो.

आधी तू मागितलेला रस्सा. मध्यम आचेवर कांदा सात मिनिटं. लसूण चाळीस सेकंद, एकही जास्त नाही. टोमॅटो नऊ मिनिटं. मग हाडं आणि पाणी घालून झाकण, पाऊण तास. बटाटे शेवटच्या वीस मिनिटांत. मीठ दीड चमचा, सपाट. हे वाचून तू चमकली असशील. आपल्या घरात घड्याळ लावून कोण रांधत होतं? आईची कृती तुलाही पाठ आहे. कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडसर वास सुटला की लसूण, लसणाचा वास डोक्यात गेला की टोमॅटो, टोमॅटोचा आंबट वास बसला की हाडं. ती सगळ्या पदार्थांचं असंच सांगायची. मिनिटं विचारली की म्हणायची, मिनिटं रेल्वेला लागतात.

आणि चाखायचं नाही, हा तर आपल्या घरचा कायदाच. आजीच्या हातचं अकरा माणसं जेवायची आणि भांडं एकच. रांधणारी चाखत बसली तर तिचं पोट भरेल आणि शेवटच्याचं ताट कोरडं राहील, असं तिचं म्हणणं. म्हणून चमचा तोंडाला लागायचा नाही, जे काय ते नाकाने. पुढे खायला माणसं दोनच उरली तरी कायदा तोच राहिला. तुला आठवतं, आई आपले डोळे फडक्याने बांधायची आणि एकेक झाकण उघडून विचारायची, सांगा काय आहे? मी घडाघडा सांगायचे. तू प्रत्येक वेळी बटाटा म्हणायचीस. आई हसून म्हणायची, थोरलीला माझं नाक आलंय, धाकटीचं बापाचं, नुसतं चष्मा ठेवायला. एकदा तू दाराआड जाऊन रडलीस. मी पाहिलं होतं. आज खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. अभ्यासात तू हुशार, दिसायला तू उजवी, बाबांची लाडकी तू. माझ्याकडे काय होतं? एक नाक होतं.

बाबांनंतर तूही सासरी गेल्यावर आई आणि मी दोघी छान राहत होतो, हे मात्र तुला कळायला हवं. मी दुकानातून दिवसभर कॉलरी शिवून यायचे, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचे, तो अजून कोमट असायचा. आई आधीच मटार सोलून बसलेली. पावाचा कडेचा तुकडा कुणी घ्यायचा यावरून आमचं रोज भांडण. रविवारी आम्ही भांडीबिंडी तशीच टाकून खिडकीत पाय वर घेऊन चहा प्यायचो आणि समोरच्या गच्चीवरच्या बाईला नावं ठेवायचो. काल परवाचं उरलेलं काही असलं की ते आई स्वतःच्या ताटात ओढायची. शिळं माझ्या पोटात, ताजं तुझ्या, हे तिचं आयुष्यभराचं. त्याने तिला कधी काही झालं नाही. माझं पोट म्हणजे लोखंडी पेटी आहे म्हणायची.

मग तीन वर्षांपूर्वी मला तो ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते, तू फोन करकरून जीव खाल्ला होतास. ताप गेला, सर्दी गेली. दुकानात रुजू झाले आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीखाली कॉलर जळली. धूर डोळ्यांना लागेपर्यंत मला पत्ता नाही. मास्तर पलीकडच्या खोलीतून धावत आले, म्हणाले, बाई, झोपलात का? घरी येऊन साबण हुंगला, लसूण ठेचून हुंगला, शेवटी रॉकेलची बाटली उघडली. काही नाही. नळाचं पाणी हुंगावं तसं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ते आलं नाही, धाकटे. अजूनही आलेलं नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. काय सांगू? तिने मला दिलेली एकच गोष्ट मी हरवली? म्हणून मी घड्याळ लावलं. चोरून, ओट्यावर डब्यामागे. दोन महिन्यांत कांद्याला किती, डाळीला किती, सगळी मिनिटं बसवली. रंगावरून, आवाजावरून अदमास घ्यायला शिकले. आईचे गुडघे गेलेलेच होते, ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसायची, तिला आत काय चाललंय ते दिसत नसे. मी स्वतःवर खूश. कशी गंडवली म्हातारीला!

फक्त एक व्हायला लागलं होतं. ती खुर्चीतून बोलायची. बघ गं, खाली लागतंय. दूध उतरव. त्या भाजीतला एखादा टोमॅटो सडका आहे का बघ. मला वाटे, म्हातारपणी लुडबुड वाढते तसं हिचं. मी बघायचे तर खरंच लागलेलं असायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एका सकाळी वरच्या मजल्यावरची नर्स आमच्याकडे रस्सा शिकायला आली होती. मी तिला मोठ्या तोऱ्यात नाकाचं महत्त्व सांगत होते, लाज नाही माझ्या जिभेला. आणि बाहेरून आई ओरडली, अगं लसूण जळला! नर्सने कढईत पाहिलं. लसूण काळा. ती नुसती हसली. ती गेल्यावर मी आईवर जे तोंडसुख घेतलं ते लिहिताना हात थांबतो. यापुढे माझ्या स्वयंपाकाबद्दल एक शब्द काढलास तर मी चुलीपाशी उभी राहणार नाही, उपाशी बस, असं म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला. ती म्हणाली, बरं, नाही काढणार. आणि तिने शब्द पाळला. चार दिवस दूध करपलं, भात लागला, ती मुकाट्याने जेवली. मला वाटलं, चला, सुटली एकदाची कटकट.

तो चौथा दिवस, उन्हाळा ऐन भरात होता. आदल्या दिवशीचा रस्सा रात्रभर ओट्यावरच राहिला होता, माझाच वेंधळेपणा. सकाळी फ्रिजमध्ये ढकलला आणि दुकानात गेले. दिवसभर वीज नव्हती, हे मागाहून कळलं. परत आले तेव्हा वीज आली होती, फ्रिज घुरघुरत होता, मला काय कळणार? पातेलं काढलं, उकळी आणली, दोन वाट्या भरल्या. रंग छान होता. आई टेबलाशी आली. वाटी पुढे घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली, चांगला बराच वेळ. मी म्हटलं, काय आहे? ती म्हणाली, काही नाही, भूक लागलीय, तुझीही वाटी इकडे कर. तू अंडं परतून घे, पाव ताजा आहे. मी म्हटलं, आज काय अंगात आलंय का तुझ्या? आणि दिली. दोन्ही वाट्या तिने संपवल्या, पावाने पुसून. मी समोर बसून अंडं खाल्लं. वर तिला म्हटलंही, बघ, तोंड बंद ठेवलं की जेवण कसं गोड लागतं.

पहाटेपासून तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारी दवाखान्यात नेलं, नर्सच रिक्षा घेऊन आली. सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, दूषित अन्न पोटात गेलंय, या वयात अंगातलं पाणी गेलं की किडनी धरत नाही. दुसऱ्या दिवशी तासभर ती अगदी शुद्धीवर होती. तेव्हा म्हणाली, तुझं नाक गेल्याचं मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, वेडे, मी खुर्चीत काय उगाच बसून होते? मी विचारलं, मग रस्सा आंबलाय हे बोलली का नाहीस? पातेलं उलटं करायचंस, वाटी फेकायचीस माझ्या तोंडावर! ती म्हणाली, तू बोलू नको म्हणाली होतीस ना, आणि मला वाटलं पचेल. एवढंच. पचेल म्हणे! दीड वर्ष मी त्यावर विचार करतेय. हट्ट होता, की माझी अब्रू राखत होती, की जन्मभर शिळं पचवलं म्हणून तेही पचेल असं खरंच वाटलं तिला? मला कळत नाही. माझ्या पुढ्यातली वाटी तिने ओढून घेतली, एवढं मला कळतं.

आणि ती म्हणाली, धाकटीला कळू देऊ नकोस. ती तापट आहे, तुझ्याशी बोलणं टाकेल, मग तुला कोण आहे? तिसऱ्या दिवशी ती गेली. तुला मी फोन केला आणि म्हटलं, झोपेत गेली, हार्ट, काही त्रास झाला नाही. तू येईपर्यंत मी स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, ताई, शेवटपर्यंत तुझ्या हातचं खाऊन गेली, भाग्यवान. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. धाकटे, तिला त्रास झाला. फार त्रास झाला. आणि मारलं तिला मी. विषाने नसेल, पण तोऱ्याने तरी.

तरीही मी तुझ्याकडे येणार होते. न सांगता. हे सगळ्यात वाईट आहे आणि तेच सांगायला हे पत्र लिहायला बसले. तू लिहिलंस, आईचं नाक आता तुझ्याचकडे आहे, ये. ते वाचून मी इतकी सुखावले की बॅग भरली, झबली शिवली, घड्याळ कपड्यांत गुंडाळून ठेवलं, तुलाही गंडवीन म्हणून. काल सकाळी चहा ठेवायला काडेपेटी हातात घेतली आणि वरून नर्स जिना उतरत किंचाळत आली, दार बडवायला लागली. रात्री गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं. तिला वासाने जिन्यात मळमळलं आणि मी त्या गॅसच्या मधोमध उभी होते, काडी काढून. तिने खिडक्या उघडल्या, मला जिन्यात आणून बसवलं. तेव्हा मला माझी भीती वाटली नाही. मला तुझं घर दिसलं. तू आतल्या खोलीत बाळाला घेऊन निजलेली आणि ओट्यापाशी मी. तिकीट सोबत परत पाठवतेय, टाचणी न लावता. आईचा शब्द मी मोडला, माझ्याशी बोलणं टाकलंस तर ते मी पचवीन. हे पत्र तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव, बाळ त्याचंही आहे. त्यानंतरही मी यावं असं दोघांना वाटलं तर मी दुपटी धुवीन, बाळाला घेऊन बसेन, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. नको वाटलं तर उत्तर लिहू नकोस, मी समजेन.

अजून तरी तुझीच,
ताई