एका कोयत्याची दोन माणसं

आष्टी,
दि. ५ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप केसरआत्यास, शिवकन्येचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला घरचं ओरडून सांगवत नाही, म्हणून लिहिते. कानातलं मशीन तुम्ही देव्हाऱ्यात ठेवलंय असं माझी सुकन्या सांगत होती. देवाला ऐकू येतं आत्या, मशीन तुम्ही घाला.

काल गहिनीनाथ आले होते. फारकत होऊन तीन वर्षं झाली, तरी ते दारात दिसले की माझा हात आपोआप पदराकडे जातो आणि मग माझाच मला राग येतो. पोटगी थकली म्हणून मी कोर्टात अर्ज दिला, तेव्हापासून त्यांना जेलची धास्ती आहे. म्हणाले, देणार कुठून? बंकट मुकादम एकट्या माणसाला आगाऊ उचल देत न्हाई. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा म्हंजी अर्धा, आन् अर्ध्याला फडात कोण इचारतंय? तवा ह्या हंगामाला तू चल, निस्ती कामापुरती. उचल घेऊन सगळी पोटगी फेडतो.

मी नाही म्हटलं. तर अगदी शांतपणे म्हणाले, मग सुकन्याला नेतो. पोटगी पोरीसाठीच हाय ना, मग पोरीनंच माझ्यासंगं ऊस तोडावा. आत्या, ती आठवीत आहे हो. काय करू ते लवकर कळवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
शिवकन्या


पाली,
दि. ११ ऑक्टोबर २०२४

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिफाफ्यावर जुन्या सवयीनं तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहून बसले, मग खोडलं. पोस्टमनला काय समजायचं ते समजू दे.

पोरीला दाखल्यासकट माझ्याकडे पाठव. इथल्या शाळेत नाव घालते. तू मात्र जाऊ नकोस. मी मुद्दाम बीडला जाऊन तुझ्या वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, एका छपराखाली राहिलात की तो कोर्टात सांगेल, आमचं पुन्हा जमलं, पोटगी बंद करा. आणि फडातली छपरं मला नको सांगू, अर्धा जन्म तिकडेच गेला माझा. एका कोयत्याला एकच कोपी. बांबू आणि चटया तेवढ्यापुरत्याच देतात, त्यात चूल मांडली की पाय पसरायला जागा राहत नाही.

तुझा स्वभाव ठाऊक आहे मला. मुंडी हलवून सगळं ऐकशील आणि करायचं तेच करशील, अगदी तुझ्या बापासारखी. या वेळी तरी माझं ऐक. गुळाची पोळी आवडते का पोरीला, ते लिही.

रागावले तरी तुझीच,
केसरआत्या


ऊसतोडीचा फड, सांगलीकडे,
दि. ८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप आत्यास सा. न. वि. वि.

पत्ता वाचून कपाळाला हात लावला असेल तुम्ही. मी आले. सुकन्या तुमच्याकडे आहे खरी, पण बाप म्हणून त्यांनी दारात येऊन तिचा हात धरला असता, तर तुम्ही एकट्या काय करणार होता? मी येते, पोरीला हात लावायचा नाही, असा शब्द घेऊनच ट्रकमध्ये चढले.

कोपी एकच मिळाली. मी मधे लुगडं बांधलं. अलीकडे मी, पलीकडे ते. खोटं कशाला लिहू, माणूस तसा नीट वागला. मला ताप आला तेव्हा माझ्या वाटच्या मोळ्याही त्यांनीच बांधल्या. मग मीही न मागता चहा द्यायला लागले. बाया मला त्यांची कारभारीण म्हणतात. कुणाकुणाचं तोंड धरणार?

काल बंकट मुकादम हसत हसत म्हणाला, पेढे कवा देता? तेव्हा त्याच्याकडूनच कळलं. गहिनीनाथांनी वकिलामार्फत कोर्टात अर्ज दिलाय की आम्ही पुन्हा एकत्र नांदतो, पोटगी थांबवा. मी विचारलं तर मान खाली घातली. म्हणाले, दोन घरं मला झेपत न्हाईत, तू खरंच घरी ये. अंग पेटल्यासारखं झालं माझं, आत्या. आधी अर्ज आणि मग विचारणं! आता उचल फिटेपर्यंत टोळीही सोडता येत नाही. तारीख जानेवारीत आहे.

माया आटू देऊ नका.
शिवकन्या


पाली,
दि. १९ डिसेंबर २०२४

चि. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

सांगितलं होतं, हे मी लिहीत नाही. लिहिलंय असं समज.

वकीलबाई म्हणतात, तारखेला तू स्वतः उभी राहा. मुकादमाकडून दोन दिवस मागून घे. नाही दिले तर मी येऊन मागते. कोर्टाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते सुकन्याची. बापानं तिला फोन करून सांगितलं, आईबाबा एका कोपीत राहतात. तिनं वर्गभर सांगितलं की आमचं घर पुन्हा एक झालं. परवापासून कपडे पिशवीत भरून ठेवलेत आणि मला विचारते, आजी, आई कधी न्यायला येणार? मला तिच्याशी खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही. ते तू लिही.

तुझी,
केसरआत्या


फडातून,
दि. २७ डिसेंबर २०२४

चि. सुकन्येस पोटभर आशीर्वाद.

बाळा, पिशवीतले कपडे काढून आजीच्या कपाटात ठेव. बाबा आणि मी पुन्हा एक झालेलो नाही. एका कोयत्याला दोन माणसं लागतात. ते दुसरं माणूस तू होऊ नयेस, म्हणून मी आले.

बाबा तुझे बाबाच राहतील. त्यांचा फोन आला तर बोल. पण जानेवारीत मी कोर्टात त्यांच्यासमोर हेच सांगणार आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी तुला लिहिते. वर्गातल्या मुली काय म्हणतील, याचं तुला किती लागेल ते मला कळतं. रडू आलं तर रड. माझ्यावर चिड. फक्त शाळा बुडवू नकोस.

हे पत्र मी आत्ताच बाबांना वाचून दाखवलं. ते बाहेर जाऊन दोन्ही कोयत्यांना धार लावत बसलेत, माझ्याही. उद्या पहाटे आम्हाला एकाच सरीत उभं राहायचं आहे.

उत्तर लिही, दोन ओळी का होईना.
तुझी आई