आमच्या दिव्यांची यादी

४ फेब्रुवारी
लाँड्रीमागचा घंटीच्या आकाराचा रस्त्यावरचा जुना दिवा गेला! आमचा दिवे बघत फिरायचा रविवार असून वायरमन आला नाही, म्हणून एकटीच निघाले होते. खांब जमिनीलगत कापलेला. मी कॅमेरा गळ्यात अडकवून मूर्खासारखी उभी! वायरमनला फोन केला. नगरपालिकेत तो दिव्यांवरच असतो — त्याला ठाऊक असणारच. "बघतो, ताई," म्हणाला. एवढंच.

७ फेब्रुवारी
आणखी दोन गेले. हे म्हणाले, "दिवेच ना? नवे येतील." यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी
दुपारी औषधाच्या दुकानातून जेवायला घरी येत होते. कोपऱ्यावर मजुरांची गाडी. मुकादम हातातला कागद वाचत मलाच विचारतो — "बाई, हे आत्याबाईंचं नाक कुठेशी आलं?"

कागद ओढूनच घेतला. माझं अक्षर! झेरॉक्स! चार वर्षं दर रविवारी वायरमनच्या स्कूटरवर मागे बसून गाव पालथं घातलं. जुने दिवे शोधायचे, फोटो काढायचे, हसत हसत एकेकाचं बारसं करायचं. आत्याबाईंचं नाक, लाजाळू, मामंजींची टोपी. त्यांची ही यादी, पत्त्यांसकट. प्रती दोनच — एक माझी, एक त्याची. तिसऱ्याला दाखवायची नाही, हे त्यानेच ठरवलं होतं.

केसाने गळा कापला मेल्याने!

१० फेब्रुवारी
तोंडावर विचारलं. नाकारलंसुद्धा नाही! "मीच दिली. खांब खालून सडलेत, ताई. आधी सांगितलं असतं तर तुम्ही खांबाला मिठी मारून बसला असता." वर मलाच ऐकवतो — "माझी नोकरी दिव्यांची आहे, फोटोंची नाही." चोर तो चोर, वर शिरजोर! भाऊ मानलं होतं याला. माझ्या घरच्यांना जे कधी कळलं नाही ते याला कळतं, असं वाटायचं. पुन्हा त्याचं तोंड बघणार नाही.

११ फेब्रुवारी
रविवार. कुठेच गेले नाही. भांडी घासताना रडले.

१२ फेब्रुवारी
यादीतले बाकी सगळे कापून झाले. एकच उरलाय, शाळेसमोरचा. तो तरी वाचवावा म्हणून सकाळीच गेले. खांबाला टेकून पोरं उभी होती. पायथ्याशी हात लावला — बोटं आत गेली. हे भोक नवं नाही. दोन वर्षांपूर्वी मी ते पाहिलं होतं, आणि फोटोत येऊ नये म्हणून कॅमेरा वर केला होता. वायरमनला बोलले नव्हते.