हात केला तरी थांबायचं नाही

कडाव, ता. कर्जत
२० फेब्रुवारी २०२४

चि. सौ. वनितास,
दादाचा आशीर्वाद. वि. वि.

आमी इकडं खुशाल. तुझी खुशाली तू सांगशील तेव्हा समजंल, कारण महिना झाला तू माझा फोन घेत नायस. आधी वाटलं रेंज नसंल. मंग तुझ्या रूपालीवहिनीच्या फोनवरनं लावला तर लगेच उचललास, नि माझा आवाज ऐकून कट केलास. तुझी वहिनी हसत सुटली. म्हणाली, तुमचा नंबर ब्लॉक केलाय. सख्ख्या भावाला ब्लॉक करता येतं हे मला आता कळलं. म्हणून पत्र लिहितोय. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच लिहितोय, अक्षराला हसू नको.

मी असं काय केलं गं? मॅरेथॉनच्या दिवशी कशेळ्याहून पाशिंजर घेऊन कर्जतला चाललो होतो. बघतो तर माझी बहीण रस्त्याच्या कडंला गुडघा धरून उभी, ओकारी झालेली, तोंड पिठासारखं पांढरं. माझं काळीजच हाललं. उचलली, पुढच्या सीटवर टाकली नि थेट दवाखान्यात नेली. वाटंत तू माझ्या हाताला चावलीस, ते पण मी मनावर घेतलं नाय.

आपल्याकडं ओळखीचं माणूस पायी दिसलं की गाडी थांबते. बाबा बैलगाडी थांबवायचे, मी जीप थांबवतो. कशेळ्यापुढच्या वाडीवरची चिंधी म्हातारी लाकडाची मोळी घेऊन चालली असली तरी थांबवतो, मंग बहिणीला नाय थांबवायची? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. मी चुकलो असं काय म्हणणार नाय.

आणि वालाच्या शेंगा पाठवल्या त्या परत का धाडल्यास? शेंगांनी तुझं काय वाकडं केलं? शेवटी आमीच मडक्यात भाजून पोपटी लावली नि तुझ्या नावानं बोटं मोडत खाल्ली. गोड होत्या.

कमलेशरावांना नमस्कार. रागाला जरा खाली बसव, माया हाय तिथंच राहू दे.

तुझा दादा,
रोहिदास


खालापूर
१० मार्च २०२४

ती. रोहिदासदादास,
वनिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, मजकुराला हसले. ह्यांना वाचून दाखवलं तर चावल्याच्या ठिकाणी त्यांना इतकं हसू आलं की आमच्या खानावळीत जेवणारे कामगार ताटं सोडून बघायला लागले. कंपनीची पहिली पाळी जेवायला बसली होती. तुझी अब्रू इकडे गेलीच म्हणून समज.

तू चुकलो म्हणत नाहीस ना? मग ऐक. दहावीला होते मी. तालुक्याच्या शर्यतीत पळत होते, पुढं फक्त एक नेरळची मुलगी, आणि तीही दमलेली. तेवढ्यात मागून सायकलची घंटी. तू! घरी पाहुणे बघायला आलेत, बाबांनी असशील तशी आण म्हणून सांगितलंय, असं म्हणालास आणि मला कॅरिअरवर बसवलंस. छातीवरचा शाळेचा नंबर काढायलाही वेळ दिला नाही कुणी, त्याच्यावरूनच आईनं साडी गुंडाळली. पाहुणे पसंत पडले, ह्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण दादा, ती शर्यत राहिली रे. तीस वर्षं होत आली तरी पोळ्या लाटताना मध्येच वाटतं, मी अजून त्याच रस्त्यावर आहे, आणि मागून घंटी वाजणार आहे.

म्हणून यंदा नाव घातलं होतं. तर ह्या वेळेला सायकलच्या जागी जीप आली. माणूस तोच.

मला नंबर नको, बक्षीस नको. एकदा सुरू केलेली शर्यत मला माझ्या पायांनी संपवायची आहे, एवढंच. पुढल्या जानेवारीत परत धावणार. त्यांचा नियम साधा आहे. कुठल्याही गाडीत पाय ठेवला की बाद. आणि बारा वाजता शेवटची कमान उतरवतात, त्याच्या आत पोचायचं. त्या दिवशी तू आणि तुझी जीप माझ्यापासून लांब राहा.

वहिनीला नमस्कार. शेंगा परत केल्याचं मलाही वाईट वाटलं, तुला सांगणार नव्हते. तू आशीर्वाद दिलास तो ठेवून घेतलाय.

तुझी बहीण,
वनिता


कडाव
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. वनितास,
दादाचा आशीर्वाद. वि. वि.

राखी पोस्टानं आली. तू नाय आलीस. रूपालीनं बांधली, नि बांधताना म्हणाली की बायकोनं नवऱ्याला राखी बांधायची पाळी तुमच्या भांडणानं आणली. लावणी झाली, भात बरा हाय. दोन म्हशींपैकी एक गाभण.

सायकलचं मी विसरलो नव्हतो गं. तू विसरलीस असं वाटत होतं. त्या दिवशी तू कॅरिअरवर एक शब्द बोलली नायस, मला वाटलं लाजलीस. अठरा-एकोणीस वर्सांच्या पोराला काय अक्कल असणार! बाबांनी सांगितलं की उठायचं नि जायचं.

पण दुसऱ्या बाजूनं पण बघ. आई गेली तेव्हा मला म्हणाली होती की वनीकडं लक्ष ठेव. आता लक्ष ठेवणं म्हणजे काय? माझ्या डोक्यात येवढंच येतं की माणूस दमलं तर त्याला गाडीत घ्यायचं. मला दुसरं काय येत नाय.

तुला डॉक्टरनं पळायची परवानगी दिली का, ते कळव. खरं सांग. जीव टांगणीला लागलाय.

गणपतीला ये. नैवेद्याचं ताट तुझ्या हातचं असलं की देवाला पण बरं वाटतं.

तुझा दादा,
रोहिदास


खालापूर
२५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
वनिताचा शि. सा. न. वि. वि.

गणपतीला आले, भाऊबीजेलाही आले. ओवाळताना तू तोंड असं मिटून बसलास की वहिनीनं दटावलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हटलं, हे बोलणं पत्रातच बरं. फोन तर तुझा कधीच सुरू केलाय मी, पण फोनवर तू ओरडतोस. कागदावर ओरडता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, गुडघ्याला सांभाळून पळा. मागच्या वेळी ओकारी झाली ती माझ्या मूर्खपणानं. दमायला नको म्हणून आदल्या रात्री मटण चापलं होतं. आता केळं, पेज, गूळपाणी. ह्यांनी गुळपाण्याची बाटली घेऊन स्कूटरवरून मागे यायचं ठरवलंय. पहिले दोन महिने माझ्यावर चिडायचे, आता कोण मध्ये आलं तर त्याच्यावर चिडतात.

मध्ये येणारे काय कमी आहेत! तुला वाटतं गाडी थांबवायची खोड फक्त कडावला आहे. इकडे पुलापर्यंत पळायला निघाले की टेंपोवाला थांबतो, दूधवाला थांबतो. काकी, कोण आजारी आहे का, बसा, सोडतो. मी म्हणते, कोणी नाही रे बाबा, अशीच पळतेय. तर म्हणतात, अशीच? मग तोंड पाडून हळू हळू माझ्या बरोबरीनं गाडी चालवत राहतात. परवा एकीनं ह्यांना विचारलं की वहिनींचं तुमच्याशी भांडण झालंय का, सारख्या घरातून पळून जातात!

आता मुद्द्याचं. रस्ता यंदाही तोच. कर्जतहून निघायचं, कडाववरून कशेळ्याच्या पुढं जायचं आणि माघारी यायचं. सगळं माझं माहेर. प्रत्येक गाडीवाला मला वनीताई म्हणतो. स्टँडवर सगळ्यांना सांग. आणि तू रविवारचा धंदा बुडवणार नाहीस हे मला माहीत आहे, तर तूही ऐक. मी रडले, हात केला, आईची आण घातली, तरी थांबायचं नाही. हे मी आज शुद्धीत लिहितेय. त्या दिवशीच्या वनीचं ऐकू नकोस, आजच्या वनीचं ऐक.

राग केव्हाच संपला, लोभ तुझा मोजून घेते.

तुझी,
वनिता


कडाव
५ जानेवारी २०२५

चि. वनितास,
आशीर्वाद. वि. वि.

स्टँडवर सांगितलं. ओमकार म्हणाला, काका, ताई पायी दिसली नि आमी नाय थांबलो तर आमी काय माणसं हाव का? अर्धा तास वाद झाला. शेवटी असं ठरलं की हॉर्न वाजवायचा, हात दाखवायचा, पण ब्रेकवर पाय द्यायचा नाय. आपली विमलआत्या तर चहाची किटली घेऊन फाट्यावर बसणार हाय. तिला मी काय बोलणार? तिचं तू बघ.

माझं म्हणशील तर मला हे मान्य नाय. पण वचन देतो, एका अटीवर. तू उभी असलीस तर मी थांबणार नाय. आडवी झालीस तर आजच्या वनीचं पण ऐकणार नाय नि त्या दिवशीच्या वनीचं पण नाय, उचलणार, नि चावलीस तर चाव. बोल, कबूल?

रूपालीनं देवीला नारळ बोललाय. मी बोललो नाय, कारण काय मागू तेच समजंना. तू पोचावीस असं मागू की तू मध्येच शहाणी व्हावीस असं?

सांभाळून ये गं बाय.

दादा


खालापूर
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. दादास,
वनिताचा शि. सा. न. वि. वि.

ह्यासोबत तिळगूळ आहे. आतल्या खोलीतून चौकटीपर्यंत यायला मला दोन्ही भिंती धराव्या लागतात, ह्यांनी दोन दिवस खानावळ सांभाळली आणि वरण तिखटजाळ केलं, तरी एका कामगारानं तक्रार केली नाही. सगळे माझं मेडल बघून जातात.

जाताना मजा आली दादा. धुकं होतं. कडावमध्ये बाया दारात उभ्या होत्या, विमलआत्यानं चहा पाजलाच. ती म्हणाली, अगं पळत पळत पी. अर्धा कप माझ्या अंगावर, अर्धा पोटात. तुझ्या स्टँडवरची पोरं हॉर्न वाजवत गेली, एकही थांबला नाही. ओमकार तर तोंड दुसरीकडे वळवून गेला.

येताना मात्र ऊन लागलं. कडावच्या अलीकडे, खाचरांतून रस्ता जातो ना, सावली नाही तिथे, पाय गेले. गुडघा नाही, दोन्ही पाय. उभी राहिले ती हलताच येईना. धावणाऱ्यांच्या सोबत स्कूटर नको म्हणून ह्यांना पलीकडून वळसा घालायला लावला होता. एकटीच होते. मनात म्हटलं, झालं. संपलं. काय करायचंय म्हाताऱ्या बाईला मेडल घेऊन.

आणि मागून तुझा हॉर्न. तो मी झोपेतही ओळखीन. मी हात केला. खोटं कशाला बोलू, नुसता केला नाही, दोन्ही हात वर करून हलवले. तुझं नाव घेऊन ओरडले. तू माझ्याकडे बघितलंस आणि गेलास.

मी तुला काय काय म्हणाले ते तिळगुळासोबत लिहिता येत नाही. बाबांनाही दोन शब्द पोचले. म्हटलं, नको होतं तेव्हा दोनदा उचलून नेलंस, आणि आज हवंय तर निघून गेलास? त्या संतापातच एक पाय उचलला, मग दुसरा. कर्जतपर्यंत मी तुझ्याशी भांडत आले. कमान दिसली तेव्हा मांडववाले दोऱ्या सोडायला जमले होते आणि हे त्यांच्या अंगावर ओरडत होते की बारा वाजायचेत अजून, माझी बायको येतेय. आले. वेळेत आले. कमानीखालून गेले आणि भांडण कुठं गेलं कळलंच नाही, नुसती रडत सुटले.

मग तुझी जीप शोधली. तिथे असशील असं वाटलं होतं. नव्हतास. रागावलास का रे?

मी सोळाव्या वर्षी राहिलेली शर्यत संपवून आले, आणि ज्याला सांगायचं तो नाही.

तुझी,
वनी


कडाव
१७ जानेवारी २०२५

चि. वनीस,
दादाचा खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पोचला. कडक झालाय, पण मी सगळा खाल्ला.

मी तिथंच होतो गं. उसाच्या रसाच्या गाडीमागं उभा होतो. समोर यायची हिंमत झाली नाय. कमानीखालून येताना तुला बघितलं, तुझं नाव भोंग्यावर घेतलं ते ऐकलं, नि चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता म्हणून तसाच निघालो. रसवाल्यानं पैसे पण घेतले नाय, त्याला वाटलं माझं कोण गेलं.

तुझे हात मला लांबनंच दिसले. गाडीत आठ माणसं, सगळी एकदम ओरडली की ताई हात करतेय, थांब. विमलआत्या माझ्या मागंच बसली होती, तू पोचताना बघायला कर्जतला निघालेली. तिनं माझ्या पाठीत छत्री घातली. मी नाय थांबलो. तू उभी होतीस. आपलं तसं ठरलं होतं. वनी, तीस वर्सं गाडी चालवतोय, हात केलेलं माणूस टाकून कधी गेलो नव्हतो, नि पयलं टाकलं ते माझ्याच बहिणीला.

पुढं गेलो पण वेग धरवेना. आरशात बघत होतो. तुझे हात खाली आले. तू तशीच उभी. मी म्हटलं आता बसली तर मागं वळवतो, मंग काय व्हायचं ते होवो. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. मंग तू पाय उचललास. तोंड हालत होतं तुझं, मला शिव्या देत होतीस ते समजलं, नि मला लय बरं वाटलं. वळणापर्यंत तू आरशात पळत होतीस. वळणावर गाडी कडंला घेतली नि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो. मंग आत्यानंच पाठीवरनं हात फिरवला, म्हणाली, चल रं, ती आपल्या आधी पोचंल.

आईला काय उत्तर द्यायचं ते आता मला समजलं.

रविवारी पोपटी लावतोय. शेंगा आल्यात, मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला रूपालीनं आणून ठेवलाय. तुला घ्यायला सकाळी जीप घेऊन खालापूरला येतो. पुढची सीट तुझी. चावू नको म्हणजे झालं.

आणि वाटंत कुठं पण हात कर. थांबतो.

तुझा,
दादा