सीमारेषेवरची पांढरी पट्टी

अहो, ऐकताय ना?

आज आपली केतकी रनआउट झाली, आणि ती तुमच्यामुळे! गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण मग राग काढू कुणावर? म्हणून शिलाई मशीन बंद केली आणि लिहायला बसले.

सकाळी शारजाबाहेरच्या त्या वाळूच्या मैदानावर एवढं धुकं होतं की खेळपट्टी तेवढी दिसत होती, बाकी काही नाही. पांढऱ्या कपड्यातल्या मुली धुक्यातून बाहेर यायच्या आणि पुन्हा आत नाहीशा व्हायच्या. मला उगाच वाटत राहिलं, त्यात कुठेतरी तुम्हीही आहात. लांब, सीमारेषेजवळ, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले.

तुमची जागाच ती! रत्नागिरीत दिवसभर दुकानात पँटी शिवायच्या आणि मॅच असली की जिल्ह्याच्या संघातून सीमारेषेवर उभं राहायचं. लग्न ठरताना माझे वडील म्हणाले होते, "टेलरला क्रिकेट हवंय कशाला?" तुम्ही म्हणालात, "पँटी फाटतात ना, गिऱ्हाईक वाढतं." वडील हसले आणि मी फसले! पुढे इथे शारजात, रोल्ला भागात दुकान टाकलं, तरी खूळ काही गेलं नाही. कातरलेल्या कापडाच्या पट्ट्या जमवायच्या आणि मैदानात दगडांना बांधायच्या, ती तुमच्या टीमची सीमारेषा.

आणि तो तुमचा नियम! खेळाडूची पँट खाली कच्च्या टाक्यावरच द्यायची. "धावल्याशिवाय उंची कळत नाही," म्हणायचात. पहिली मॅच खेळून आला की मगच पक्की शिलाई.

तुमची स्वतःची शेवटची पँट मात्र कच्च्या टाक्यावरच राहिली. हिवाळ्यातल्या म्हाताऱ्यांच्या मॅचसाठी हौसेनं शिवलीत आणि मॅचच्या आधीच निघून गेलात. एवढी कसली घाई होती हो? तेव्हापासून ती मशीनमागच्या खुंटीवर होती. मी तिच्यावर धूळ बसू दिली नाही.

परवा केतकी म्हणाली, "आई, माझी फर्स्ट मॅच आहे. आय वॉन्ट बाबाज पँट. प्लीज, जस्ट कट इट."

कंबर मी आत घेतली. पण खाली कात्री लावायला हात धजेना. तुमच्या हातचं शेवटचं कापड ते! तुम्ही ताडमाड आणि ती माझ्यासारखी बुटकी. जास्तीचं सगळं कापड मी आत दुमडलं आणि तुमच्या नियमाप्रमाणे घातला कच्चा टाका. एवढी जाड दुमड कच्च्या टाक्यावर टिकेल का? जन्मभर तुमच्या शेजारी मशीन चालवलेल्या बाईला हे कळू नये?

छान खेळत होती हो पोरगी! दुसऱ्या धावेसाठी वळली, दुमड सुटली, कापड बुटाखाली आलं आणि बाईसाहेब पालथ्या. तुमचे जुने कॅप्टन हमीदभाई अंपायर होते. बोट वर करताना त्यांना हसू आवरेना. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भाभी, ये तो मास्टर का टांका है. खलास!" आणि बोलता बोलता त्यांचेच डोळे भरले. मग मलाही राहवेना.

केतकी रडली नाही. घरी येऊन माझ्यासमोर स्टुलावर पाय ठेवला. "आई, बाबा वॉज टॉल. आय ॲम नॉट. नाउ कट इट, ना."

खरंच आहे तिचं. ती धावली, उंची कळली. आता पक्की शिलाई घालायची, हा नियम तुमचाच आहे.

तर आता कात्री घेते. आणि शब्द देते, निघालेल्या पट्ट्या टाकणार नाही. पुढच्या मॅचला त्या मी स्वतः दगडांना बांधीन, अगदी तुम्ही उभे राहायचात तिथे. धुक्यातही तुम्हाला जागा सापडेल.

या, उभे राहा. फक्त एवढं ऐका. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये ती लहानपणी ओठ काढून रडायची, तरी तुम्ही तिचा एकही चौकार सोडला नाहीत. आता एक जाऊ द्या.

तुमच्या शेजारच्या मशीनवरची,
सुमन