यादीतलं पहिलं नाव

८ तारीख, गुरुवार
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी शेजारच्या चष्मेवाल्याकडून तुला कळलीच आहे. माझा जबडा तारेनं बांधलाय, तेव्हा फोनवर नुसतं हुं हुं ऐकण्यापेक्षा पत्र बरं. सोमवारी दुपारी मी सोल्डरची तार आणायला गेलो होतो. परत आलो तर दुकानात चौघे उभे, डोक्यावर हेल्मेटं, हातात लोखंडी गज. जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात असली मंडळी बघून मला वाटलं, कुणी शौकीन अंतराळवीर बनून आलेत. मी आपला हसलो! त्या हसऱ्या तोंडावरच पहिला गज बसला.

ताई, तीस वर्षं मी अंतराळाचे सिनेमे बघतोय, आणि आता शपथेवर सांगतो, सगळे लेकाचे थापाडे आहेत. बंदुकीतून हिरवी रेघ निघते, माणूस फट्कन नाहीसा होतो. रक्त नाही, ओकारी नाही. माझे तीन दात फरशीवर पडले होते आणि मी गाढवासारखा ते गोळा करत होतो. तेवढ्यात डावा हात कोपराखाली मोडला. त्याचा आवाज मला ऐकू आला, आधी आवाज, मग कळ. बारापैकी अकरा यंत्रांचे पडदे फोडले.

इमारत रिकामी व्हावी ही कुणाची इच्छा आहे ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मारणारे कोण? इन्स्पेक्टर म्हणाले, चौघांतलं एक नाव द्या, बाकीचं आम्ही उसवतो. माझ्याकडे तेच नाही.

काळजी करशीलच, थोडी कमी कर.
तुझा,
धाकटा

११ तारीख, रविवार
चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. ऑपरेशन थिएटरमध्ये रोज फुटलेली माणसं बघते, पण आपला माणूस फुटला म्हणून पत्र दोनदा वाचावं लागलं रे. तार काढेपर्यंत पातळच घे, आणि जीभ तारेला लावू नकोस, तुला खोड आहे.

सगळे सिनेमे थापाडे म्हणतोस, पण पुठ्ठ्याच्या यानाची ती मालिका मला अजून आवडते. दार आपटलं की अख्खं यान हलायचं! तू मात्र तिच्यापायी वर्गातल्या पोरांशी मारामाऱ्या करायचास.

ठोंब्याला तुझं सांगितलं तर जेवलाच नाही. मामावर फार जीव आहे त्याचा. त्याचेही ग्रह फिरलेत, ट्रकची काच फुटून तळहात कापलाय, सात टाके मीच घातले.

एक लक्षात ठेव. नाव कळलं की मागेपुढे बघू नकोस. कुणाचाही लेक असो, आत गेलाच पाहिजे.

राग खूप आहे, माया त्याहून जास्त.
तुझी,
ताई

१४ तारीख, बुधवार
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी सोडलं, तडक दुकानात गेलो. कोपऱ्यातलं यानवालं यंत्र तेवढं शाबूत, आणि आठ दिवस चालूच! ते बंद केलं की त्याची गुणांची यादी पुसली जाते, म्हणून रोज सकाळी ती कोरी असते. सोमवारी सकाळपासून एकही गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे मी तार आणायला गेलो तेव्हा वाट बघता बघता त्या चौघांपैकी कुणीतरी खेळलंय. यादीत पहिलं नाव आहे, इंग्रजी तीन अक्षरं. एम, ए, एम.

ताई, यादीत तीनच अक्षरं बसतात. लहानपणी ठोंब्या 'मामा' तोडून तेवढंच टाकायचा. स्वतःचं नाव त्यानं कधीच घातलं नाही. मी जिंकलो म्हणजे मामा जिंकला, म्हणायचा. त्या यंत्रावर एवढे गुण दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत. दुकानाच्या किल्लीची जागाही त्यालाच माहीत.

काळात मागे जाण्याचे सिनेमे मी आयुष्यभर हसण्यावारी नेले. काल त्या यंत्रासमोर बसून म्हटलं, अर्ध्या तासासाठी मला मागे न्या रे कुणीतरी.

मंगळवारी इन्स्पेक्टर मोडतोड लिहून घ्यायला येणार आहेत. यंत्र बंद करायला एक बोट पुरतं. तू सांगशील तसं करतो.

तुला हे लिहावं लागलं, पोटात घाल.
तुझा,
धाकटा

१६ तारीख, शुक्रवार
चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र त्याच्यासमोर टाकलं. त्यानं कबूल केलं. ज्याला इमारत रिकामी हवी आहे त्याच माणसाचा ट्रक चालवतो, त्यानं पाठवलं, म्हणून गेला म्हणे. मी दाराचा अडसर उचलून त्याच कापलेल्या हातावर घातला. सातांतले चार टाके उसवले, रक्त कोपरापर्यंत आलं. पोरानं हात मागे घेतला नाही. मग मीच पुन्हा टाके घातले, भूल न देता. तो ओरडला नाही, मीच ओरडले.

तो म्हणतो, बाकीचे तुझं डोकं फोडणार होते. ते टळावं म्हणून हा पुढे झाला आणि हातावर मारलं. मला हे खरं वाटतंय. वाटायलाच हवं, पोटचा गोळा आहे.

कुणाचाही लेक असो, असं मीच लिहिलं होतं ना. लिहायला काय जातं! यंत्र चालू ठेव म्हणायला जीभ रेटत नाही, बंद कर म्हणायला तोंड नाही. तुला योग्य वाटेल ते कर. मी तुझ्यावर रागावणार नाही.

अजून बहीण म्हणत असशील तर,
तुझी,
ताई

१७ तारीख, शनिवार
ती. मामास,
सा. न.

हवालदारानं कागद दिलाय. काल रात्री मी स्वतःच इथे आलो आणि चारही नावं सांगितली. ते यंत्र तू खुशाल बंद कर.

आईनं तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. डोक्याचं जे लिहिलंय ते खोटं आहे. तुझ्या डोक्याला कुणी हात लावणार नव्हतं. तू पडलास, यंत्रं फोडून झाली, तसे बाकीचे तिघे थांबले, चल म्हणाले, दारापर्यंत गेलेही. तू दात गोळा करत होतास. तू वर बघशील आणि मला ओळखशील या भीतीनं मी परत आलो आणि हात मोडला. पहिला फटका भीतीचा होता. पुढचे दोन नव्हते. मारताना मला बरं वाटत होतं, मामा.

पोलिसांना हे सगळं सांगितलंय. आईला सांगायला गेलो होतो. ती माझ्या हाताला पट्टी बांधत होती, ती झाल्यावर तसाच इथे निघून आलो. तिला तू सांग.

लोभ असावा म्हणायला तोंड उरलेलं नाही.
तुझा,
ठोंब्या